लिनक्स मिंट सारखा पासवर्ड मागतो: बंद करायचा की कमी करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. ऑफिसात दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर लिनक्स मिंट २२. बसणारे तिघं: तुम्ही, दिवाणजी आणि पट्ट्या काढणारा एक मुलगा. तिघांचं खातं एकच आणि कॉम्प्युटर चालू झाला की ते आपोआप उघडतं. तरी सकाळी ब्राउझर उघडला की पासवर्ड, अपडेटचं चिन्ह दाबलं की पासवर्ड, संध्याकाळी टर्मिनलमधून बॅकअप घेताना पुन्हा पासवर्ड. सौद्यांच्या दिवसांत शेतकरी समोर उभे असताना खोळंबा होतो, म्हणून पासवर्डची चिठ्ठीच मॉनिटरला चिकटवली आहे. तर हे विचारणं कायमचं बंद कसं करायचं?

बंद करता येतं, एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ टाकू नका, असं मी आग्रहाने सांगेन. त्या ओळीनंतर तुमच्या खात्यात चालणारा कोणताही प्रोग्रॅम न विचारता पूर्ण मशीनचा मालक होतो. ब्राउझरमधून आलेली एखादी फाइल किंवा कुठून तरी उतरवून घेतलेली स्क्रिप्टही त्यात आली. शिवाय ती ओळ टाकून तुमचा त्रास पुरता जाणारही नाही, कारण तुम्हाला पासवर्ड विचारणारा एक नाही. तीन वेगवेगळे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पहिला सुडो, म्हणजे एखादी कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवून देणारा प्रोग्रॅम. हा टर्मिनलमध्ये विचारतो. दुसरा पोलकिट, म्हणजे खिडक्यांच्या प्रोग्रॅमना प्रशासकाचा अधिकार द्यायचा की नाही ते ठरवणारा. स्क्रीन मंद होऊन मधोमध जी खिडकी येते, ती बहुतेक वेळा याची. अपडेट बसवणं, टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या आधीच्या स्थितीच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवणारा प्रोग्रॅम) उघडणं, यूझर्स अँड ग्रुप्स उघडणं, ही सगळी याची कामं. तिसरा कीरिंग, म्हणजे ब्राउझर आणि इतर प्रोग्रॅमनी साठवलेल्या पासवर्डांची पेटी. तिसऱ्याचा प्रशासकाच्या अधिकाराशी काहीच संबंध नाही, पण खिडकी तशीच दिसते म्हणून सगळे एकाच माळेत ओवले जातात. ‘आत्ताच तर टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकला, मग लगेच खिडकीत परत का?’ या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. सुडोने घेतलेली ओळख पोलकिटला कळत नाही, आणि पोलकिटची सुडोला.

सकाळच्या खिडकीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात सोपी. कॉम्प्युटर चालू होताना तुम्ही पासवर्ड टाकत असता, तर त्याच पासवर्डने लॉगइन नावाची कीरिंग उघडली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. आपोआप लॉगइन ठेवल्यामुळे त्या वेळी पासवर्ड कुणी टाकलाच नाही, म्हणून पेटी बंद राहिली. मग क्रोम किंवा ब्रेव्ह उघडला की तो पेटीकडे जातो आणि खिडकी येते. उपाय दोन. लॉगइन विंडोच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप लॉगइन बंद करा. सकाळी एकदा पासवर्ड टाकला की झालं. किंवा ‘पासवर्ड्स अँड कीज’ हा प्रोग्रॅम उघडा, लॉगइन कीरिंगवर राइट क्लिक करून पासवर्ड बदला आणि नवा पासवर्ड रिकामा ठेवा. दुसऱ्या उपायाने आत साठवलेलं सगळं डिस्कवर उघडं राहतं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर बँकेचं लॉगइन साठवलेलं असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे तुमच्यासाठी पहिलाच उपाय बरोबर.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नडते. प्रशासकाने दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बाहेरून बदलला, तर लॉगइनचा पासवर्ड नवा होतो आणि कीरिंगचा जुनाच राहतो. मग रोज खिडकी येते आणि नवा पासवर्ड चालत नाही. अशा वेळी त्याच खिडकीत जुना टाकून पाहा. उघडली तर ‘पासवर्ड्स अँड कीज’मधून तो नव्यासारखा करून घ्या. जुना कुणालाच आठवत नसेल तर ती कीरिंग काढून टाकावी लागते, आणि तिच्यातले साठवलेले पासवर्ड तिच्याबरोबर जातात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तिघं एकाच खात्याने बसता, आणि ते खातं प्रशासकाचं आहे. दुकानाचं शटर उघडायची किल्ली सकाळी लवकर येणाऱ्याकडे असते, म्हणून तिजोरीची किल्ली आपण त्याच जुडग्यात ओवत नाही. इथे नेमकं तेच झालंय. खाती वेगळी केली की निम्मा प्रश्न सुटतो, कारण दिवाणजींना पट्टी काढायला, स्प्रेडशीट भरायला, ईमेल पाहायला प्रशासकाचा अधिकार लागतच नाही.

क्रम मात्र पाळा. सध्याचं खातं स्वतःकडे ठेवा. यूझर्स अँड ग्रुप्समध्ये दिवाणजींसाठी आणि त्या मुलासाठी दोन नवी खाती काढा, प्रकार ‘स्टँडर्ड’. सध्याच्या खात्याचा पासवर्ड यार्डात सगळ्यांना माहीत झालेला आहे, तो त्याच खात्यात बसून पासडब्ल्यूडी या कमांडने बदला. स्वतः बदलला की कीरिंगही सहसा सोबत बदलते. एकुलत्या एका प्रशासक खात्याचा अधिकार चुकूनही काढू नका. कुणाला गटात टाकताना यूझरमॉड ही कमांड वापरलीत तर -एजी असा पर्याय द्या (‘जी’ कॅपिटल). त्यातला छोटा ‘ए’ राहिला तर माणूस आधीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतो, सुडो या प्रशासकांच्या गटातूनही, आणि दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही सुडोअर्स फाइलमध्ये नाही’ असा निरोप येतो (सुडोअर्स म्हणजे सुडो कुणी वापरायचा ते ठरवणारी फाइल). गट बदलल्यावर एकदा लॉग आउट करून परत आल्याशिवाय बदल लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा.

हिशोबाच्या फाइली तिघांनाही हव्यात. त्यासाठी ‘हिशोब’ नावाचा गट करा, तिघांना त्यात घ्या, आणि /एसआरव्ही मध्ये एक फोल्डर करून त्याचा गट हिशोब ठेवा आणि परवानगी २७७० द्या. (कमांड, गटांची नावं आणि वाटा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, मशीनवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.) सुरुवातीच्या २ मुळे त्या फोल्डरमध्ये कुणीही नवी फाइल केली तरी तिचा गट हिशोबच राहतो. लगेच खात्री करा: एकाने फाइल करावी, दुसऱ्याने आपल्या खात्यातून ती बदलून सेव्ह करावी.

नवी खाती सुरू झाली की दोन-तीन नव्या खिडक्या डोकं वर काढतील. आजवर त्या दिसत नव्हत्या, कारण प्रशासक गटातल्या माणसाला मिंट काही गोष्टी न विचारता करू देतं. त्या आल्या म्हणून घाबरून दिवाणजींना परत प्रशासक करू नका. प्रत्येकीवर नेमका उपाय आहे.

पहिली, कॉम्प्युटरच्या आतल्या दुसऱ्या पार्टिशनची, म्हणजे जुन्या विंडोजच्या डी ड्राइव्हसारखी. पेनड्राइव्ह साध्या खात्यालाही न विचारता उघडतो, पण आतली डिस्क उघडायला पोलकिट प्रशासकाचा पासवर्ड मागतो. वीज गेली, कॉम्प्युटर परत चालू केला की पुन्हा तेच. डिस्क्स हा प्रोग्रॅम उघडा, ते पार्टिशन निवडा, खालच्या चाकाच्या चिन्हातून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये जा, ‘यूझर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा आणि सिस्टिम सुरू होतानाच जोडण्याचा पर्याय चालू ठेवा. खालच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द आहे ना, ते पाहा. तो नसेल आणि ती डिस्क उद्या काढली किंवा खराब झाली, तर कॉम्प्युटर चालू होताना अडून काळ्या पडद्यावर थांबतो. त्या पार्टिशनवर फक्त वाचता येतंय, लिहिता येत नाही, असं झालं तर आधी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करा. अर्धवट झोपलेल्या विंडोजचं पार्टिशन लिनक्स लिहिण्यासाठी उघडत नाही, आणि ते बरंच आहे.

दुसरी, प्रिंटरची. कागद संपला, केबल हलली की प्रिंटर थांबलेल्या अवस्थेत जाऊ शकतो आणि तो परत चालू करायला अधिकार लागतो. दिवाणजींचं खातं एलपीअ‍ॅडमिन या गटात टाका. या गटाचा अधिकार प्रिंटरपुरताच असतो, त्यामुळे इथे हात सैल सोडायला हरकत नाही. त्याशिवाय प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘पॉलिसीज’मध्ये एरर पॉलिसी पाहा. तिथे प्रिंटर थांबवण्याऐवजी काम पुन्हा पाठवण्याचा पर्याय निवडला की प्रिंटर थांबायचे प्रसंगच कमी होतात.

तिसरी, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडताना. ऑफिसचं वाय-फाय तुम्ही स्वतःच्या खात्यातून एकदा जोडा आणि त्या जोडणीत ‘सर्व वापरकर्त्यांना चालेल’ हा पर्याय ठेवा, मग ते कुणालाच विचारणार नाही. दिवाणजींचा स्वतःचा हॉटस्पॉट मात्र त्यांच्या खात्यातून, हा पर्याय काढून जोडावा. सगळ्यांसाठी जोडणी करणं हा प्रशासकाचा अधिकार, स्वतःपुरती करणं हा नाही. म्हणून खिडकी येते.

अपडेटचं काय? ते माणसाने दाबायचं कामच ठेवू नका. आधी टाइमशिफ्टमध्ये रोजचे स्नॅपशॉट चालू करा. मग अपडेट मॅनेजरच्या पसंतींमध्ये ‘ऑटोमेशन’ या पानावर अपडेट आपोआप लावण्याचा पर्याय द्या. पासवर्ड एकदाच लागेल, चालू करताना. फक्त अपडेट चालू असताना वीज गेली तर पॅकेजं अर्धवट बसतात. नंतर काहीही बसवायला गेलं की चूक येते. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवलं की अर्धवट राहिलेलं काम सहसा पूर्ण होतं. दुकानात छोटा यूपीएस असेल तर हा प्रसंग क्वचित येईल. यूपीएसचा खर्च खरोखर करण्यासारखा आहे.

आता सुडो. एकदा पासवर्ड टाकला की डेबियन, उबुंटू आणि मिंटवर तो १५ मिनिटं परत विचारत नाही. सुडोचा मूळ हिशेब ५ मिनिटांचा आहे. ही मुदत त्या टर्मिनलपुरती असते, नवी खिडकी उघडली की परत विचारणार. मुदत वाढवायची असेल तर सुडोअर्समध्ये ‘टाइमस्टॅम्प_टाइमआउट’ ही किंमत बदलता येते. ० दिलं तर दर वेळी विचारतो, उणे आकडा दिला तर मशीन परत चालू होईपर्यंत मुदत संपतच नाही. तुम्ही एकटेच प्रशासक असाल तर ३० ठेवायला माझी ना नाही, उणे आकडा मात्र नको. काम मध्येच सोडून सौद्याला उठायचं असेल तर ‘सुडो -के’ म्हणा, मुदत तिथल्या तिथे संपते.

टर्मिनलमध्ये मराठी लिहिणाऱ्यांना एक खास अडचण येते, ती इथेच सांगतो. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिलेला असला की पासवर्डच्या जागी देवनागरी अक्षरं जातात. मिंट टर्मिनलमध्ये तारका दाखवतं, पण अक्षरं दाखवत नाही. तीन वेळा चुकलं की सुडो सोडून देतो आणि आपण पासवर्ड विसरलो असं माणसाला वाटतं. आधी साध्या ओळीवर दोन अक्षरं टाइप करून भाषा पाहा. कॅप्स लॉकही तेव्हाच पाहून घ्या.

संध्याकाळच्या बॅकअपसाठी खरं तर सुडो टाइप करायची गरज नाही. जे काम रोज ठरलेलं आहे ते रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने आपोआप चालावं. रात्री कॉम्प्युटर बंद असतो, म्हणून ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या साध्या क्रॉनऐवजी अ‍ॅनाक्रॉन वापरा. वेळ चुकली तरी मशीन चालू झाल्यावर तो काम उरकतो. पण तुमच्याकडे बॅकअपची बाहेरची डिस्क जोडल्यावरच तो घ्यायचा असतो, तेव्हा दिवाणजींच्या हातात एक कमांड द्यावीच लागेल. तिथे पासवर्डाशिवायची सूट देणं योग्य आहे, पण त्या एका कमांडपुरती.

स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/एसबिन मध्ये ठेवा. मालक रूट, परवानगी ७५५ (म्हणजे लिहिता फक्त मालकाला येतं). ती दिवाणजींच्या होम फोल्डरमध्ये राहिली तर तिच्यात कुणीही काहीही लिहून रूटच्या नावाने चालवू शकतो, आणि दिलेल्या सुटीला अर्थ उरत नाही. मग ‘सुडो व्हिसुडो -एफ /इटीसी/सुडोअर्स.डी/हिशोब’ अशी नवी फाइल उघडा आणि एकच ओळ लिहा:

%हिशोब ऑल=(रूट) नोपासवर्ड: /यूएसआर/लोकल/एसबिन/बॅकअप ""

‘ऑल’ (ALL) आणि ‘नोपासवर्ड’ (NOPASSWD, असंच स्पेलिंग) कॅपिटल अक्षरांत. टक्क्याची खूण म्हणजे पुढचं नाव गटाचं आहे. शेवटची रिकामी अवतरणचिन्हं विसरू नका. त्यांचा अर्थ असा की या कमांडला पुढे कोणताही पर्याय जोडता येणार नाही. साध्या एडिटरने ही फाइल उघडू नका. व्हिसुडो सेव्ह करण्यापूर्वी व्याकरण तपासतो, आणि सुडोअर्समधली एक चूक सुडोच बंद पाडू शकते. फाइलच्या नावात टिंब ठेवलंत तर सुडो ती फाइल गुपचूप वगळतो, ‘हिशोब.कॉन्फ’ असं नाव दिलं की नियम का चालत नाही ते तासभर कळत नाही. आणि नियम जुळणारे अनेक असतील तर शेवटचा लागू होतो. म्हणूनच मुख्य फाइलच्या मध्यात लिहिलेली सूट खालच्या ओळीने खाऊन टाकली जाते. स्वतंत्र फाइल मुख्य फाइलच्या शेवटी वाचली जात असल्याने हा घोळ होत नाही.

याच जोरावर ‘एपीटीला (प्रोग्रॅम बसवणाऱ्या कमांडला) पण सूट देऊ’ असा मोह होतो. देऊ नका. एपीटीला पर्यायातून दुसरी कमांड चालवायला सांगता येते, म्हणजे ती सूट पूर्ण रूटची झाली. व्हिम, लेस, फाइंड या कमांडचंही तसंच, त्यांच्या आतून शेल, म्हणजे हवी ती कमांड घेणारा प्रोग्रॅम, उघडतो. मार्गात तारांकित खूण वापरून ‘या फोल्डरमधलं काहीही’ असं लिहिणंही त्याच जातीचं.

पोलकिटमध्ये अशी सूट क्वचित लागते, वरचे उपाय केले तर बहुधा लागणारच नाही. तरी लागली तर आधी नेमकी कृती शोधा. खिडकीत पासवर्ड टाकून काम होऊ द्या, मग सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या कमांडमध्ये पोलकिटडीच्या (पोलकिटच्या) नोंदी पाहा. कोणत्या कृतीसाठी परवानगी मिळाली तिचं लांबलचक नाव तिथे असतं. ‘पीकेअ‍ॅक्शन --व्हर्बोज’ त्या कृतीचा मूळ नियम दाखवतो. त्यात ‘ऑथ_अ‍ॅडमिन_कीप’ असेल तर एकदा दिलेला पासवर्ड साधारण ५ मिनिटं धरून ठेवला जातो. नियमाची फाइल /इटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी मध्ये, नाव ४९ ने सुरू होणारं आणि शेवट ‘.रूल्स’. आत जावास्क्रिप्टचं एक छोटं फंक्शन असतं. त्यात तीन गोष्टी तपासा: कृतीचं पूर्ण नाव तंतोतंत जुळतं का, माणूस हिशोब गटात आहे का, आणि तो या मशीनसमोर बसलेला आहे का. तिन्ही जुळल्या तरच ‘येस’ परत करा. न जुळल्यास काहीच परत करू नका, मग पुढचे नियम चालतात. कृतीचं नाव न तपासता फक्त गट तपासणारी फाइल म्हणजे सगळ्याच खिडक्या बंद, आणि सर्रास फिरणाऱ्या उदाहरणांत हीच चूक असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर चुकून मिंट २१ असेल तर तिथला पोलकिट जुना ०.१०५ आहे. तो ‘.रूल्स’ वाचत नाही, त्याची फाइल ‘.पीकेएलए’ या वेगळ्या साच्याची असते.

सगळं झाल्यावर ‘सुडो -एल -यू’ (‘यू’ कॅपिटल) पुढे दिवाणजींच्या खात्याचं नाव देऊन पाहा. यादीत बॅकअपची एकच ओळ दिसली पाहिजे. जास्त काही दिसलं तर कोणत्या गटातून आलं ते शोधा.

आणि सुडोअर्सची फाइल बिघडलीच तर पोलकिट वेगळा आहे याचा फायदा घ्या: डेस्कटॉपवर बसून ‘पीकेएक्सेक व्हिसुडो’ चालवलं की सुडोला वगळून फाइल दुरुस्त करता येते. तेही जमलं नाही तर चालू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून रिकव्हरी मोडमध्ये जा, रूट निवडा, ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ म्हणा आणि चुकलेली फाइल बाजूला हलवा किंवा ‘अ‍ॅडयूझर’ने आपलं नाव परत सुडो गटात घाला. हे रिकव्हरीचं दार मशीनसमोर बसलेल्या कुणालाही उघडं असतं, पासवर्ड न विचारता. त्यामुळे कॉम्प्युटर चोरीला गेला तर हिशोब वाचू नयेत असं वाटत असेल, तर पुढच्या वेळी मिंट नव्याने बसवताना डिस्क एन्क्रिप्शनचा पर्याय निवडा. नंतर ते जोडणं फार किचकट होतं.